हॉटेलं बंद होती, मग वजन वाढलं कसं?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. साताऱ्यात राजवाड्यासमोरची चौपाटी ओस पडली, सांगली-मिरजेतल्या भेळेच्या आणि वडापावच्या गाड्यांवर ताडपत्री चढली, मिठाईची दुकानं बंद झाली. ऐन लग्नसराईत पंगती उठायच्या थांबल्या. चैत्र-वैशाखातल्या गावोगावच्या जत्रा रद्द झाल्या, त्यामुळे जत्रेचं मटणही गेलं. वजन वाढायचं कारण विचारलं की आपल्याकडे पहिलं उत्तर ठरलेलं असतं : बाहेरचं खाणं. ते उत्तर खरं असेल, तर टाळेबंदीच्या पहिल्या दोन महिन्यांत दोन्ही जिल्ह्यांतल्या पोटभर जेवणाऱ्या घरांतली माणसं हलकी व्हायला हवी होती. घरात मुख्यतः ज्वारीची भाकरी, आमटी, भात आणि एखादी भाजी शिजत होती. तरीही निर्बंध सैल झाले तेव्हा अनेकांच्या पँटचं बटण लागेना आणि ब्लाउजच्या शिलाया उसवायला शिंप्याकडे रांग लागली. खाण्याची सगळ्यात बदनाम जागा बंद असताना वजन वाढलं, याचा अर्थ वजनाचं कारण आपण चुकीच्या ठिकाणी शोधत होतो. ते कारण ताटात थोडं आणि दिवसाच्या रचनेत जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. पुढे त्याचीच मांडणी केली आहे.

दोनशे कॅलरींचा हिशेब

आधी वाढ किती झाली ते पाहू. अमेरिकेत काही लोकांच्या घरी आपोआप नोंद ठेवणारे वजनकाटे होते. त्यातल्या २६९ जणांच्या फेब्रुवारी ते मे २०२० मधल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. घरी थांबण्याचे आदेश निघाल्यानंतर या लोकांचं वजन दर दहा दिवसांनी सरासरी पाव किलोच्या आसपास वाढत होतं, म्हणजे महिन्याला पाऊण किलोच्या घरात. ही माणसं आपल्याकडची नव्हती आणि स्वतःच्या वजनावर लक्ष ठेवणारी होती, म्हणून हा आकडा जसाच्या तसा कराडला किंवा तासगावला लावता येणार नाही. पण वाढीचा वेग कसा असतो, ते त्यातून कळतं. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. (कॅलरी म्हणजे अन्नातली ऊर्जा मोजण्याचं माप. आहाराच्या तक्त्यात ज्याला किलोकॅलरी म्हणतात, तीच इथे अभिप्रेत आहे.) दहा दिवसांत पाव किलोच्या वर वाढ व्हायची, तर रोज सुमारे २०० कॅलरी जास्त जमा व्हायला हव्यात.

२०० कॅलरी म्हणजे पक्वान्नाचं ताट नव्हे. दूध-साखर घातलेल्या एका कप चहात साधारण ७० कॅलरी असतात आणि एका ग्लुकोज बिस्किटात पंचवीसच्या आसपास. म्हणजे नेहमीपेक्षा दोन चहा जास्त आणि त्यांच्याबरोबर दोन-तीन बिस्किटं, एवढंच. दुपारी चार वाजता डब्यातून काढलेलं मूठ-दीड मूठ भडंगही तिथवर पोचतं. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर साठ किलोचा माणूस एक किलोमीटर चालतो तेव्हा बसून राहण्यापेक्षा तीसेक कॅलरी जास्त जाळतो. राजवाड्याहून पोवई नाक्याला चालत जाऊन परत येणं, दिवसभरात ऑफिसचे दोन-तीन जिने, दुपारी बँकेतल्या रांगेत उभं राहणं आणि संध्याकाळी मंडईत फेरी, एवढ्यात दीडशे कॅलरी सहज जातात. टाळेबंदीत हे सगळं एका फटक्यात थांबलं. सकाळी फिरायला बाहेर पडायलाही बंदी होती, अजिंक्यताऱ्यावर रोज चढणारी मंडळी घरात अडकली. जगातल्या १८७ देशांतल्या साडेचार लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलमधल्या पावलांच्या नोंदी तपासल्या, तर महासाथ जाहीर झाल्यापासून तीस दिवसांत रोजची पावलं सरासरी २७ टक्क्यांनी घटली होती.

खर्च घटला आणि वजन वाढलं, इथवर ठीक. पण खर्च घटला तर भूकही घटायला हवी होती. दोन भाकऱ्यांऐवजी दीड भाकरीवर पोट भरायला हवं होतं. तसं का झालं नाही, हा खरा प्रश्न आहे.

भुकेचं आवर्तन

सांगलीच्या पूर्व भागातल्या शेतकऱ्याला म्हैसाळच्या किंवा टेंभूच्या पाण्याचं आवर्तन कसं येतं ते ठाऊक असतं. पाणी सोडायची तारीख आधी ठरते. तुमच्या वावरात कालच वळीव पडून गेला असला, सरीत पाणी उभं असलं, तरी ठरल्या दिवशी पाटाला पाणी येतंच. वावराला तहान किती आहे, हे पाट विचारत नाही. आपली भूक बरीचशी अशीच चालते. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक रक्तात उतरतं आणि मेंदूला खाण्याची आठवण करून देतं. संप्रेरक म्हणजे शरीराच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाला जाणारा रासायनिक निरोप. हे घ्रेलिन रोजच्या जेवणाच्या वेळेआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. सकाळी नऊचा नाश्ता, दीडचं जेवण आणि रात्री साडेआठचं जेवण अशी वर्षानुवर्षांची सवय असेल, तर सकाळपासून खाटेवर पडून असलात तरी दीडला पोट मागणी करणारच.

या मागणीला आवर घालणारा दुसरा निरोपही शरीरात आहे. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. साठा किती आहे, ते त्यावरून मेंदूला समजतं. साठा घटला आणि लेप्टिन खाली आलं की मेंदू खडबडून जागा होतो, भूक वाढवतो, हालचाल मंदावतो. पण साठा वाढला तर तो तितक्या जोमाने भूक दाबत नाही. ही व्यवस्था उपासमारीपासून वाचवण्यासाठी घडलेली आहे. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडीच्या माणसांचा जीव जगवताना तिने आपलं काम चोख केलं असणार. भरल्या घरात सक्तीने बसून राहण्याचा प्रसंग मात्र तिच्या अनुभवातला नाही.

याला प्रत्यक्ष पुरावा आहे, आणि त्यातला एक तर भारतातलाच आहे. १९५६ मध्ये जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी कोलकात्याजवळच्या तागाच्या गिरणीतल्या २१३ पुरुषांचा आहार आणि वजन तपासलं. त्यात दिवसभर बसून असलेले दुकानदार होते, कारकून होते आणि ओझी वाहणारे मजूरही होते. मध्यम कामापासून जड कामापर्यंतच्या माणसांत कामाप्रमाणे आहार वाढत होता आणि वजन आटोक्यात होतं. पण बैठ्या कामाच्या माणसांचा आहार कामाबरोबर खाली आलेला नव्हता. जड काम करणाऱ्यांइतकंच ती खात होती आणि त्यांचं वजन कितीतरी जास्त होतं. म्हणजे हालचाल एका मर्यादेच्या वर असते तोवरच भूक तिच्याशी जुळवून घेते. त्या मर्यादेखाली दोघींची फारकत होते.

इथे एक शंका रास्त आहे. गिरणीतला कारकून मुळात बऱ्या घरचा असेल, त्याला खायला जास्त मिळत असेल, किंवा जाड माणसंच बैठं काम पत्करत असतील. एकाच वेळी टिपलेल्या चित्रावरून कारण आणि परिणाम वेगळे करता येत नाहीत. ही शंका एका छोट्या पण काटेकोर प्रयोगाने बरीच दूर केली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ब्रिटिश प्रयोगात सहा सडपातळ पुरुष एका बंद खोलीत सात-सात दिवस दोनदा राहिले. एकदा व्यायामासह आणि एकदा जवळजवळ बसून. हवं तितकं खायची मुभा दोन्ही वेळा होती. बसून काढलेल्या आठवड्यात त्यांचा ऊर्जाखर्च बराच घटला, आहार मात्र घटला नाही. माणसं तीच होती, खोली तीच होती आणि बदलली होती ती फक्त हालचाल. २०२० च्या उन्हाळ्यात कोट्यवधी लोक नकळत याच प्रयोगात सामील झाले होते.

वेळापत्रक विस्कटलं, खाण्याची वेस गेली

आता ताटाबाहेरच्या खाण्याकडे वळू. नोकरी, दुकान, शाळा, एसटीची वेळ या सगळ्यांतून दिवसाला एक सांगाडा मिळतो आणि त्यात न खाण्याचे लांबलचक पट्टे आपोआप पडतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा असलेला दिवाणजी सकाळी दहा ते दीड काही खात नाही. त्यात संयमाचा भाग थोडा, तिथे खायची सोयच नसते हे खरं. वर्गात बसलेला मुलगा मधली सुट्टी होईपर्यंत डबा उघडू शकत नाही. या पट्ट्यांचं श्रेय आपण आपल्या निग्रहाला देत आलो, पण ते काम बाहेरचं वेळापत्रक करत होतं. घरात बसल्यावर तो सांगाडा मोडला. स्वयंपाकघर दहा पावलांवर, डबे हाताशी, आणि दुपार संपता संपेना.

इस्लामपूरची त्या दिवसांतली स्थिती याचं टोकाचं उदाहरण आहे. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात परदेशातून परतलेल्या एका कुटुंबात कोरोनाचे रुग्ण सापडले आणि काही दिवसांत सांगली जिल्ह्यातल्या रुग्णांचा आकडा पंचविशीपर्यंत गेला. मुंबई-पुण्याच्या बरोबरीने इस्लामपूरचं नाव बातम्यांत येऊ लागलं. त्या परिसराची नाकेबंदी झाली आणि रुग्णांवर मिरजेला उपचार झाले. संसर्ग तिथल्या तिथे थांबला, ही मोठीच गोष्ट होती आणि तिचं मोल कमी लेखायचं कारण नाही. पण बंद घराच्या आत दिवस कसा जात असेल, याचा विचार करा. उंबऱ्याबाहेर जायचं नाही, बाहेर आजाराची भीती, आणि मन रमवायला दोनच जागा : पडदा आणि स्वयंपाकघर. २८ मार्चपासून दूरदर्शनवर ‘रामायण’ पुन्हा सुरू झालं, सकाळी नऊला आणि रात्री नऊला. कित्येक घरांत ताटं टीव्हीसमोर आली. लक्ष दुसरीकडे असताना माणूस जास्त खातो आणि काय खाल्लं ते नीट न आठवल्यामुळे पुढच्या वेळीही जास्त खातो, हे प्रयोगांत वारंवार दिसलेलं आहे.

त्यात झोप बिघडली. सकाळी उठायची घाई नाही म्हणून रात्री एक-दोनपर्यंत मोबाइल, आणि काळजीने लागणारी अर्धवट झोप. शिकागोमध्ये बारा तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात दोनच रात्री झोप चार तासांवर आणली, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. या तरुणांना भूक जास्त लागली, आणि ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. चिंतेचंही असंच आहे. चिंता थोड्या वेळाची असेल तर भूक मरते. आठवडेच्या आठवडे रेंगाळली की कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं आणि गोड-तेलकटाची ओढ वाढते. पगार मिळेल का, मुंबईचा मुलगा सुखरूप असेल का, शेजारच्या आळीतला रुग्ण बरा होईल का, या प्रश्नांनी भरलेल्या घरात कुणी रव्याच्या लाडवांचा डबा पुन्हा पुन्हा उघडला, तर त्याला हावरट म्हणणं अन्यायाचं आहे.

कोरडा आणि टिकाऊ माल

खरेदीची रीत बदलली, तिचा परिणाम फारसा बोलला गेला नाही. रोज संध्याकाळी मंडईतून जुडी-दोन जुड्या आणणारं घर आठवड्याचं सामान एकदम भरू लागलं. आठवडी बाजार बंद होते. एकदम भरायचं तर टिकणारं हवं : रवा, बेसन, पोहे, शेंगदाणे, साखर, तेल, बटाटे, बिस्किटं, फरसाण. शेतात भाजी सडत होती आणि गावात मेथी मिळत नव्हती, अशी विचित्र स्थिती कित्येक ठिकाणी होती. टिकाऊ पदार्थ टिकतात, कारण त्यांत पाणी कमी असतं. आणि पाणी कमी असलं की तेवढ्याच वजनात कॅलरी जास्त भरतात.

हे तासगावच्या द्राक्षांवरून चांगलं कळतं. त्या वर्षी ऐन हंगामात वाहतूक अडली, बाजार थांबले आणि बागायतदारांनी बराच माल बेदाण्याकडे वळवला. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शंभर ग्रॅम ताज्या द्राक्षांत ७० च्या आसपास कॅलरी, शंभर ग्रॅम बेदाण्यात ३०० च्या आसपास. साखर तीच, फक्त पाणी उडून गेलेलं. वाटीभर द्राक्षं खाल्ली की जठराला ताण जाणवतो आणि हात थांबतो. तेवढ्याच कॅलरींचा बेदाणा मुठीत मावतो आणि पोटाला त्याची दखलही लागत नाही. जठर भरल्याची खूण आकारमानावरून होते, कॅलरींवरून नव्हे. म्हणून भाज्या आणि पातळ आमटी मागे पडून कोरडा खाऊ पुढे आला, की माणूस आपण कमीच खातोय असं समजत जास्त ऊर्जा आत घेत राहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेल्या पाकीटबंद पदार्थांवर आणि दोन आठवडे साध्या शिजवलेल्या अन्नावर ठेवलं. समोर मांडलेल्या ताटांत साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच ठेवला होता. तरी पाकीटबंद आहारावर ही माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती.

शिवाय ‘प्रतिकारशक्ती’च्या नावाने एक वेगळा आहार घरात शिरला. गूळ घालून काढा, रात्री साखर घालून हळदीचं दूध, सकाळी सुकामेवा, दोनाऐवजी चार अंडी. कोरोनातून उठलेल्या माणसाला तर अशक्तपणा भरून काढायला डिंकाचे लाडू आणि पायाचं सूप. आजारातून उठलेल्याला पौष्टिक खायला हवंच, त्यात वाद नाही. पण तेच पदार्थ घरातल्या धडधाकट, दिवसभर बसलेल्या माणसांनीही नेहमीच्या जेवणाच्या वर खाल्ले.

‘पण घरचं अन्न ते घरचंच ना?’

हा आक्षेप मनापासून घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. घरच्या जेवणात तेल-मीठ आपल्या हातात असतं, डाळ आणि भाजी असते. पण टाळेबंदीतलं सगळं घरचं अन्न भाकरी-भाजी नव्हतं. चौपाटी बंद झाली तशी ती घरात आली. पाणीपुरीच्या पुऱ्या, कुकरमधला केक, जिलबी, पावभाजी हे सगळं घरोघरी करून पाहिलं गेलं. एका चवीने मन भरलं तरी वेगळी चव समोर आली की भूक पुन्हा उघडते. जेवण पोटभर झाल्यावरही श्रीखंडाला जागा होते, ती याच कारणाने. आणि बाहेर एक प्लेट घेतली असती तिथे घरी पातेलंभर होतं. पातेल्यात उरलेलं वाया कसं घालवायचं?

उरलेलं संपवण्याचं काम बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतं. म्हणून बायकांच्या बाबतीत आणखी एक आक्षेप तपासायला हवा : त्या तर घरात बसल्याच नव्हत्या, दिवसभर राबत होत्या, मग त्यांचं वजन का वाढलं? केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जात, पुरुषांची ९७. सगळं कुटुंब चोवीस तास घरात आल्यावर हा भार नक्कीच वाढला. पण कष्ट आणि ऊर्जाखर्च या वेगळ्या गोष्टी आहेत. ओट्यापाशी पाच तास उभं राहण्याने पाठ मोडते, मन थकतं, तरी त्यात शेतापर्यंत चालत जाणं, बचत गटाच्या बैठकीला जाणं किंवा मुलाला शाळेत सोडून येणं यांच्याइतके मोठे स्नायू कामाला लागत नाहीत. थकवा मात्र दुप्पट होतो, आणि थकलेल्या माणसाचा हात चहा-साखरेकडे आधी जातो. कष्टांची भरपाई म्हणून वजन कमी होईल, ही समजूत बायकांवर दुहेरी अन्याय करते. काम वाढतं आणि वर ‘घरात बसून सुटलीस’ हेही ऐकून घ्यावं लागतं.

ज्यांचं वजन घटलं

घरी थांबण्याने सगळ्यांचंच वजन वाढलं, असं म्हणणं खोटं ठरेल. शेतीच्या कामांना सरकारने लवकरच मोकळीक दिली होती, त्यामुळे वाळवा-पलूसच्या उसात किंवा कोरेगावच्या आल्याच्या शेतात राबणाऱ्याचा दिवस फारसा बदलला नाही. बीडकडून आलेले ऊसतोड मजूर हंगाम संपूनही कारखान्यांच्या परिसरात अडकून पडले, त्यांना एप्रिलच्या मध्यानंतर गावी जायची परवानगी मिळाली. त्यांच्यापुढचा प्रश्न पोट भरण्याचा होता. शिवभोजन थाळी दहाऐवजी पाच रुपयांना झाली, तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली, रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळू लागलं. या सगळ्याने उपास टळले. पण तांदूळ-गव्हाच्या जोडीला डाळ, अंडं, भाजी येईलच असं नव्हतं. धान्यावर पोट भरतं, स्नायू टिकवायला प्रथिनं लागतात. हाताला काम नसलेल्या मजुराचं वजन घटलं तेव्हा त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले.

खानापूर-आटपाडीचे गलाई व्यावसायिक या दोन टोकांच्या मधले. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात ही माणसं देशभर पसरलेली आहेत. दुकानं बंद झाल्यावर कित्येक जण गावी परतले. भट्टीपाशी बारा-बारा तास उभा राहणारा माणूस विट्याच्या घरात महिनोन्‌महिने बसून राहिला. कमाई थांबली तरी चूल पेटत होती. अशा माणसाच्या शरीरात जे होतं, ते काट्यावर नीट दिसतच नाही.

काट्याला न दिसणारं

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो वैद्यकशास्त्रात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक पण आतून चरबीदार, ही आपल्याकडची सर्वसाधारण ठेवण असल्याचं याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांपासून दाखवून दिलं. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २५ ऐवजी २३ वर धरतात.

आता यात घरी बसणं मिसळा. डेन्मार्कमध्ये दहा निरोगी तरुणांनी रोजची पावलं दहा हजारांवरून तेराशेच्या आसपास आणली. दोनच आठवड्यांत त्यांच्या पायांतला स्नायूंचा भाग २.८ टक्क्यांनी घटला आणि शरीर इन्शुलिनला देत असलेला प्रतिसाद १७ टक्क्यांनी मंदावला. इन्शुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं, आणि ती साखर सगळ्यात जास्त घेतात ते स्नायू. स्नायू आळसावले की साखर रक्तात रेंगाळते आणि उरलेली ऊर्जा पोटाभोवती, यकृतात साठते. एक किलो स्नायू गेले आणि एक किलो चरबी आली, तर काटा जागचा हलणार नाही. ‘माझं वजन नाही वाढलं’ म्हणणाऱ्या कित्येकांचं नुकसान असं झाकून गेलेलं असतं.

चौकट : कंबर कशी मोजायची
शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. पोट कपड्यांवरून नको, उघड्या अंगावर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधोमध टेप जमिनीला समांतर धरा. श्वास साधेपणाने सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढू नका, टेप रुतवू नका. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही भारतीयांची मर्यादा मानतात. पँटचा नंबर हे माप नव्हे, कारण पँट पोटाखाली बांधलेली असते.

टाळेबंदी उठली, वजन राहिलं

शेवटचा आक्षेप असा, की झालं गेलं, आता सगळे कामाला लागले, वजनही उतरलं असेल. दुर्दैवाने वजनाचा रस्ता दोन्ही बाजूंनी सारखा मोकळा नसतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १९५ जणांचं वजन सणासुदीच्या आठवड्यांत सरासरी ०.३७ किलो वाढलं. वाढ किरकोळ, पण पुढच्या महिन्यांत ती उतरली नाही. वाढलेल्या साठ्यालाच मेंदू हळूहळू नेहमीचा साठा मानू लागतो आणि तोच राखायला धडपडतो. सातारा आणि सांगलीत तर निर्बंध एका उन्हाळ्यापुरते नव्हते. २०२१ च्या एप्रिलपासून ‘ब्रेक द चेन’ आलं आणि त्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांना सवलती मिळाल्या, तेव्हाही हे दोन जिल्हे निर्बंध कायम राहिलेल्या अकरांमध्ये होते.

मुलांवर याचा भार सर्वांत जास्त पडला. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ उजाडला. वीस महिने मैदान नाही, चालत शाळेत जाणं नाही, मधल्या सुट्टीतली पकडापकडी नाही. शाळेतल्या खिचडीच्या जागी तांदूळ आणि कडधान्यं घरी दिली गेली. वाढत्या वयात गणवेश आखूड होणं साहजिक आहे, पण तो आखूड होण्याआधी पोटावर आवळ झाला तर ते उंचीचं लक्षण नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १ लाख ९१ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदींत, ५ ते ११ वर्षांच्या मुलांत जादा वजनाचं प्रमाण महासाथीआधी ३६ टक्के होतं, ते वर्षभरात ४६ टक्क्यांच्या जवळ गेलं. मोठ्या मुलांपेक्षा लहानांत वाढ जास्त होती, कारण लहान मूल व्यायाम असा वेगळा करत नाही. शाळेत असणं हाच त्याचा व्यायाम असतो.

आपल्याकडे या वाढीची मोजणी करणं अवघड नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी महाराष्ट्रात महासाथ पोचण्याआधीच पूर्ण झाली होती, आणि तेव्हाच राज्यातले सुमारे एक चतुर्थांश प्रौढ जादा वजनाचे होते. म्हणजे तुलनेसाठी आधीचा आकडा हाताशी आहे. १५ सप्टेंबर २०२० ला ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली, तेव्हा आशाताई आणि स्वयंसेवक घरोघर गेले. ताप आणि ऑक्सिजन मोजला, मधुमेह-हृदयविकाराची चौकशी केली. जावळीच्या वाड्यावस्त्यांपर्यंत जर त्या वेळी पोचता आलं, तर ही मोजणीही जमेल. तीस वर्षांवरच्या माणसांच्या तपासणीसाठी आशाताईंकडे जो अर्ज असतो, त्यात कमरेच्या मापाचा रकाना आधीपासून छापलेला आहे. तो दरवर्षी टेप लावून भरला गेला, आणि शाळेच्या आरोग्य तपासणीत उंची-वजनाच्या शेजारी कमरेचं माप आलं, तर कोणत्या गावात, कोणत्या वयाच्या माणसांत ती वाढ अजून टिकून आहे, हे आरोग्य केंद्राला घरागणिक कळू शकेल.